बारमाही उन्हाळी

आमच्या शिरूरकडे 'उन्हाळी लागली' हे वाक्य बायका बिनदिक्कत बोलतात. चैत्र-वैशाखात घोडनदीचे पाणी खाली जाते, ऊन जमिनीतून वर आल्यासारखे भासते आणि लघवीच्या जागी आग होऊ लागते. ते शेजारणीला सांगायला कुणी लाजत नाही. धने-जिरे भिजवून त्याचे पाणी घ्यावे, सब्जा घ्यावा, माठात वाळा टाकावा, हे उपाय घरोघरी ठाऊक असतात आणि दोन-चार दिवसांत बहुतेकींना बरेही वाटते. बाईच्या त्या भागातल्या दुखण्याविषयी चारचौघींत उच्चारता येईल असा हा बहुधा एकमेव सभ्य शब्द असावा. म्हणूनच की काय, त्या एका शब्दाच्या पदराआड आम्ही किती तरी दुखणी झाकून ठेवली आहेत.

मला उन्हाळी लागली ती श्रावणात. बाहेर पाऊस झिमझिमत होता आणि उन्हाचा मागमूस नव्हता. मी तेव्हा बावन्न वर्षांची होते. पाळी जाऊन तीन वर्षे झाली होती. प्राथमिक शाळेत शिक्षिका, एका मुलाची आणि एका मुलीची आई, नुकतीच आजी झालेली. धन्याचे पाणी आठवडाभर प्याले. उतार पडेना तेव्हा दवाखान्यात गेले आणि सांगितले, "उन्हाळी लागलीय." डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. जरा बरे वाटले आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा गोळ्या. चार वर्षांत असे किती वेळा झाले याचा हिशेब मी ठेवला नाही. लघवी तपासली गेली ती पुष्कळ उशिरा. तिच्यात जंतू सापडले नाहीत, तेव्हा मला सांगण्यात आले, "काही नाही, वयानं होतं. पाणी भरपूर प्या."

डॉक्टरांना तरी किती दोष द्यायचा? मी त्यांना निम्मीच हकिगत सांगितली होती. आग फक्त लघवीच्या वेळी होत नाही, चालतानाही होते; आत कोरडे-कोरडे वाटते; सुती कपडासुद्धा टोचतो; आणि नवरा-बायकोच्या नात्यात जे आजवर सहज होते ते आता कापल्यासारखे दुखते, हे मी सांगितले नव्हते. त्यांनी विचारले नव्हते.

यजमानांनाही मी काही सांगितले नाही. नातवाला जवळ घेऊन दुसऱ्या खोलीत निजू लागले. त्यांना वाटले, हिचे मन आता संसारातून उठले. मला वाटले, यांना माझ्या दुखण्याचे काहीच नाही. तीस वर्षांच्या संसारात आम्ही भांडलो पुष्कळ, पण अबोला असा कधी नव्हता. जितक्या वेळा जावे तितक्या वेळा आग, म्हणून पाणी पिणे कमी केले. पुण्याला मुलीकडे जायचे टाळू लागले, कारण वाघोलीच्या गर्दीत एसटी अडकली तर काय करायचे, ही धास्ती घरातून निघण्याआधीच मनात घर करून बसे. "आई, तू येत का नाहीस?" असे मुलगी विचारी आणि मी गुडघ्यांचे निमित्त सांगे.

शेवटी मुलीनेच खोदून खोदून विचारले आणि पुण्यातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. त्यांनी नीट तपासले, लघवी आणि रक्तातली साखर पाहिली आणि विचारले, "किती दिवस सोसताय?" मी म्हटले, "चार वर्षं." त्यांनी कागदावर एक चित्र काढून दाखवले, दुखण्याचे नाव सांगितले आणि मलमाची एक नळी लिहून दिली. दोन-तीन महिन्यांत आग गेली. आज मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. बरी झाले तेव्हाच हे लिहायला हवे होते. धीर एकवटायला दोन वर्षे गेली.

नेमके काय होते?

डॉक्टर बाईंनी जे समजावले आणि पुढे मी जे वाचले, ते साध्या शब्दांत सांगते. बाईच्या बीजकोशांतून इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक स्रवते. आपल्याकडे सर्वसाधारणपणे वयाच्या ४६-४७ च्या सुमारास पाळी कायमची थांबते. पाश्चात्त्य देशांत हे वय ५१ च्या आसपास आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे धरतात. या काळात इस्ट्रोजेन फार कमी होते. अंगाच्या वाफा निघणे, रात्री घामाघूम होणे, झोप उडणे, चिडचिड होणे, या गोष्टी आता बऱ्याच जणींना ऐकून माहीत झाल्या आहेत. पण योनिमार्गाचे आतले अस्तर, लघवीची नळी आणि मूत्राशयाचे तोंड हे सारेच इस्ट्रोजेनवर पोसलेले असते, हे फारसे कुणी सांगत नाही.

संप्रेरकाचा हा पुरवठा आटला की ते अस्तर पातळ होत जाते. त्याच्या घड्या सपाट होतात, लवचीकपणा जातो, नैसर्गिक ओलावा कमी होतो. एरवी त्या अस्तरातल्या साखरेवर काही उपकारक जीवाणू जगतात. दुधाचे दही लावणाऱ्या जीवाणूंचे हे भाऊबंदच. ते आतले वातावरण आंबट ठेवतात आणि त्या आंबटपणात रोगजंतूंचे फावत नाही. अस्तर क्षीण झाले की या जीवाणूंचा शिधा संपतो, आंबटपणा कमी होतो आणि जंतूंना वाट मोकळी होते. म्हणून कुणाला नुसती आग आणि कोरडेपणा असतो, कुणाला खाज, कुणाला पिवळसर पाणी जाते, कुणाला खरोखरच वरचेवर लघवीचा जंतुसंसर्ग होतो, तर कुणाला लघवी लागली की धरवतच नाही. संबंधाच्या वेळी वेदना होतात, क्वचित रक्ताचा ठिपका दिसतो. एकाच बाईला हे सगळे होईल असे नाही. पण मूळ एकच.

या दुखण्याला पूर्वी डॉक्टरी भाषेत योनिमार्गाची क्षीणता म्हणत. ते नाव अपुरे आहे, कारण लघवीच्या तक्रारी त्यात येत नाहीत, असे तज्ज्ञांना वाटू लागले. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या दोन वैद्यकीय संस्थांनी मिळून नवे नाव सुचवले. मराठीत त्याचा अर्थ सांगायचा तर 'रजोनिवृत्तीतील जनन-मूत्रमार्गाचा लक्षणसमूह' असा होईल. नाव बोजड आहे खरे, पण लघवीची आग आणि योनिमार्गाचा कोरडेपणा ही एकाच घरातली भावंडे आहेत, हे त्याने अधिकृतपणे मान्य केले. माझी चार वर्षे नेमकी याच ठिकाणी वाया गेली होती. माझ्या एका तक्रारीवर उपचार होत होते आणि तिची बहीण दाराआड उभी होती.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अंगाच्या वाफा काही वर्षांत बहुतेकींच्या आपोआप कमी होतात. हा कोरडेपणा मात्र तसा जात नाही. उपचार केले नाहीत तर वयाबरोबर वाढतच जातो. पाळी गेलेल्या बायकांपैकी सुमारे निम्म्या जणींना याचा कमी-अधिक त्रास होतो, असे जगभरच्या पाहण्या सांगतात. म्हणजे आळीतल्या भजनी मंडळात पन्नाशीपुढच्या वीस जणी बसल्या असतील, तर त्यांतल्या दहा जणी मांडी बदलत बसल्या असण्याचा संभव आहे.

हे कळल्यावर मला पहिल्यांदा आठवली ती माझी आई. माझे माहेर दौंड तालुक्यातले, वरवंडच्या बाजूचे. आषाढात तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम करून वरवंडला येते. दिंडीतल्या बायका आमच्या ओसरीवर विसाव्याला टेकत आणि आई त्यांच्यापुढे तांब्या-भांडे ठेवी. त्यांतली एखादी वयस्क बाई हात जोडून म्हणे, "पाणी नको माय, मंग जावं लागतं." आई मान हलवी. तिला ते समजत असे. उतारवयात आई दुपारच्या वेळी शहाबादी फरशीवर, ती गार असते म्हणून, तासन् तास बसून राही. आम्ही म्हणायचो, आई आता विरक्त झाली. ती विरक्त नव्हती, तिला आग होत होती, हे मला आज कळते. ती गेली तेव्हा आमच्यापैकी एकालाही ते ठाऊक नव्हते.

पन्नाशीनंतरची बाई कुठे मोजली जाते?

यावर कुणी म्हणेल की हे अडाणीपण आहे आणि शिक्षणाने जाईल. मी स्वतः शिकवण्याचेच काम केले आणि तरी मला कळले नाही. त्यामुळे प्रश्न शिक्षणापेक्षा निराळा आहे असे मला वाटते. आपली सगळी आरोग्यव्यवस्था बाईकडे पाहते ती आई म्हणून, किंवा होणारी आई म्हणून. मूल झाले, संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली, की तिच्या नावापुढचे रकाने संपतात.

याचा दाखला सरकारी कागदांतच आहे. देशातल्या कुटुंबांच्या आरोग्याची सर्वांत मोठी मोजणी म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. त्याची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या जातात त्या १५ ते ४९ या वयातल्या. पन्नासावे लागले की त्या यादीतून बाईचे नाव गळते. नेमके त्याच सुमारास हे दुखणे सुरू होते.

आमचा शिरूर तालुका तर या बाबतीत भाग्यवान म्हणायला हवा. वढू बुद्रुक हे गाव महाराष्ट्राला संभाजी महाराजांच्या समाधीमुळे माहीत आहे. त्याच गावात पुण्याच्या केईएम रुग्णालयाने ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. त्यामागे डॉ. बानू कोयाजी होत्या. गावातल्याच बायका-मुलींना शिकवून आरोग्यसेविका करावे, दवाखाना लोकांच्या उंबऱ्यापर्यंत न्यावा, हा त्यांचा ध्यास होता. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा या कामाचा गौरव झाला. २००२ पासून वढूच्या आसपासच्या बावीस गावांत घरोघरची जन्म-मृत्यूची, स्थलांतराची नोंद शास्त्रशुद्ध पद्धतीने ठेवली जाते. पन्नाशीपुढच्या माणसांच्या आरोग्याचा अभ्यासही तिथे झालेला आहे. म्हणजे गावच्या बाईपाशी बसून, विश्वासाने विचारून, तिचे दुखणे लिहून घेता येते, हे आमच्याच तालुक्याने दाखवून दिले आहे.

विचारले तर काय सापडते, हे महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दाखवले. दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. शंभरातल्या ९२ स्त्रियांना जननेंद्रियांचा काही ना काही आजार होता. त्याआधी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या शंभरात फक्त ८. गावातली बाई बोलत नाही याचा अर्थ तिला दुखत नाही असा काढू नये, हा त्या अभ्यासाचा धडा. त्यानंतर बाळंतपणाच्या सोयी वाढल्या, २००५ पासून आशा सेविका गावोगाव आल्या, मातामृत्यू घटले. हे सगळे चांगलेच झाले. पण पाळी गेल्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. पूर्वी आयुष्यच तोकडे होते. आज पन्नाशी गाठलेली बाई सहज पंचाहत्तरीपर्यंत जगते. म्हणजे आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिला पाळीनंतर काढायचा असतो.

उसाच्या फडातली बाई

हे अज्ञान निरुपद्रवी असते तर मी लिहीत बसले नसते. ते किती महाग पडते हे पाहायचे असेल तर आमच्याच पट्ट्यात पाहावे. दौंड आणि शिरूर हे दोन्ही उसाचे तालुके. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोड्यांच्या गाड्या येऊ लागतात आणि फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. त्या कोप्यांतल्या बायका पहाटे तीन-चारला उठतात, डोक्यावर मोळी वाहतात. त्यांना न्हाणीघर नसते, आडोसा नसतो. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात दुखते, आणि पाळीच्या चार दिवसांत खाडा झाला तर मजुरी बुडते.

अशा बायकांना 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल' असे सांगितले गेले, आणि तरण्याताठ्या वयात त्यांची गर्भाशये काढली गेली. २०१९ मध्ये यावर मोठा गहजब झाला. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. देशभर पाहिले तर १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांत अशा सुमारे तीन निघतात. पुढे २०२२ मध्ये केंद्राने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत अमलात आणण्याचे आदेश राज्यांना दिले.

या प्रकरणात चर्चा झाली ती मुकादमांची, खासगी दवाखान्यांची आणि पैशांची. ती व्हायलाच हवी होती. पण त्या बायकांचे पुढे काय झाले? गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले असतील तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते, मग बाई तिशीची असो की पस्तिशीची. बीजकोश ठेवले तरी पुष्कळदा ते लवकर थकतात. जी आग मला बावन्नाव्या वर्षी लागली, ती या पोरींना पस्तिशीतच लागते, आणि तीही उसाच्या फडात, जिथे धुवायला पुरेसे पाणी नाही. कटकट मिटवण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेने आयुष्यभराची दुसरी कटकट मागे लावली, हे त्यांना कुणी आधी सांगितले होते का? 'पिशवी' हा शब्दही पाहा कसा आहे. रिकामी झाली की फेकून द्यायची वस्तू.

उपाय साधे, अडथळे अवघड

या दुखण्याला उपाय आहेत आणि ते फार मोठे नाहीत. सौम्य त्रास असेल तर ओलावा टिकवणारी, संप्रेरक नसलेली मलमे औषधांच्या दुकानात मिळतात. संबंधाच्या वेळी वापरायची वेगळी जेलही मिळते. तेवढ्याने भागले नाही, तर डॉक्टर इस्ट्रोजेनचे अगदी अल्प मात्रेचे मलम किंवा आत ठेवायची गोळी देतात. पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा, अशी त्याची साधारण रीत असते. ते मुख्यत्वे जागच्या जागी काम करते, रक्तात फारच थोडे उतरते. बरे वाटले म्हणून थांबवले तर त्रास पुन्हा सुरू होतो, हेही आधी समजून घ्यावे.

संप्रेरक म्हटले की कॅन्सरची भीती वाटते. तिचे कारण आहे. २००२ मध्ये अमेरिकेतला एक फार मोठा अभ्यास मध्येच थांबवण्यात आला, कारण दोन संप्रेरकांची एकत्र गोळी घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण किंचित वाढलेले दिसले. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते आणि औषध पोटात घ्यायचे होते. पण भीती पसरताना असे बारकावे गळून पडतात. अल्प मात्रेच्या मलमालाही लोक त्याच मापाने मोजू लागले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचा धोक्याचा ठळक इशारा काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. तरीही ज्यांना स्तनाचा कर्करोग झाला आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांनी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय असे मलम वापरू नये. शेजारणीला गुण आला म्हणून तिची नळी आपण आणायची, हे तर कुणीच करू नये.

एक गोष्ट मात्र ठळक अक्षरांत लिहिण्यासारखी आहे. पाळी पूर्ण थांबून वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक ठिपका जरी दिसला, तरी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. बहुतेक वेळा कारण किरकोळ, या कोरडेपणाचेच असते. पण गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूणही तीच असू शकते. 'गेलेली पाळी परत आली' असे म्हणून घरात बसू नये. तसेच खाज आणि आग मधुमेहामुळेही होते, बुरशीमुळेही होते, त्वचेच्या काही आजारांनीही होते. म्हणून तपासणी हवी, तर्क नको. आणि घरगुती प्रयोगांत तुरटीचे पाणी, जंतुनाशकाचे पाणी, वासाचा साबण, हळदीचा लेप, हे तर नकोच नको. आधीच पातळ झालेल्या अस्तरावर ते जखमेवर मीठ चोळण्यासारखे आहे.

खरा अडथळा औषधाचा नसून तोंड उघडण्याचा आहे. 'या वयात तुला हे कसले सुचते?' हा प्रश्न कुणी विचारण्याआधीच बाई स्वतःला विचारते. आपल्याकडे पन्नाशीच्या बाईने सून आणावी, नातवंडे खेळवावीत, पोथी वाचावी अशी अपेक्षा असते. नवऱ्याच्या जवळिकीविषयी तिने बोलणे हा आचरटपणा ठरतो. आणि विधवा बाईने तर ही तक्रार कुणापुढे मांडायची? तिला आग होत नाही का? हे दुखणे नवऱ्याशी जोडलेले नाही, शरीराशी जोडलेले आहे, एवढे जरी घरोघर समजले तरी अर्धे काम होईल.

पुरुष वाचकांनी हे पान इथे उलटू नये अशी माझी विनंती आहे. मी बरी झाल्यावर यजमानांना सगळे सांगितले. बराच वेळ ते गप्प राहिले. मग एवढेच म्हणाले, "मला वाटलं होतं, तुला मी नकोसा झालो." आमच्यासारख्या कितीतरी घरांत चाळिशी-पन्नाशीनंतर अशी गैरसमजाची भिंत उभी राहते आणि दोन्हीकडची माणसे तिला वय म्हणतात.

दोन प्रश्नांची मागणी

माझी मागणी मोठी नाही. नवी इमारत नको, नवी योजना नको. आज आशा सेविका तिशीपुढच्या प्रत्येक माणसाची माहिती एका तक्त्यावर भरून घेतात. मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोग वेळीच ओळखता यावेत म्हणून तो तक्ता आहे. त्यात बायकांसाठी वेगळे प्रश्न आहेत: पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होतो का, दुर्गंधीयुक्त स्राव जातो का, वगैरे. म्हणजे आशाताई दाराशी आलेली आहे, वही उघडलेली आहे, विषयही निघालेला आहे. त्यातच आणखी दोन प्रश्न घालावेत. पाळी गेल्यापासून खाली आग, खाज किंवा कोरडेपणा असतो का? लघवी वारंवार लागते किंवा धरवत नाही असे होते का? उत्तर 'हो' आले तर बाईला तपासणीसाठी पाठवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात ते साधे मलम असावे आणि तपासायला शक्यतो बाई डॉक्टर असावी. ज्या मुलीची पिशवी काढायचे ठरते आहे, तिला बीजकोश ठेवणार की काढणार आणि पुढे काय होईल, हे तिच्या भाषेत आधी सांगितले जावे. बसस्थानकावर आणि पालखीच्या वाटेवर बायकांसाठी स्वच्छ, कडी लागणारी स्वच्छतागृहे असावीत, म्हणजे कुणा माउलीला पाणी नाकारावे लागणार नाही.

हे सगळे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हाती आहे ते आपण करावे. मागच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी धीर करून चार जणींत हा विषय काढला. क्षणभर सगळ्या वाणाच्या ताटाकडे पाहत राहिल्या. मग सत्तरीच्या एक आजी हळूच म्हणाल्या, "बाई, तुम्हालाबी?" त्यांच्या आवाजात लाज नव्हती, सुटका होती. त्या आठवड्यात त्या सुनेला घेऊन दवाखान्यात गेल्या.

तेव्हा भगिनींनो, एवढेच लक्षात ठेवा. उन्हाळी ही उन्हाळ्यातली गोष्ट आहे. ती श्रावणात लागली, पौषात लागली, पुन्हा पुन्हा लागू लागली, आणि पाळी जाऊन वर्ष उलटले असेल, तर धन्याच्या पाण्याचा तांब्या बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. आणि गेल्यावर निम्मी हकिगत सांगू नका, पुरी सांगा.